पांढऱ्यावर पांढरं

दारव्ह्याच्या कीड सर्वेक्षण केंद्रात चार माणसं होती आणि एक कॉम्प्युटर. चौघांपैकी तिघांचं कॉम्प्युटरशी बरं होतं. चौथे नीळकंठराव ठोंबरे, आणि केंद्रप्रमुख नेमके तेच होते.

नीळकंठरावांनी उमेदीची तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर म्हणून काढली होती. गाडीच्या पोटातून मूठभर कापूस उपसायचा, उत्तरेच्या खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा आणि एकच शब्द बोलायचा. तो शब्द ऐकायला पन्नास बैलगाड्या उन्हात उभ्या राहत. आता निवृत्तीनंतर ते कंत्राटावर इथे आले होते. डोळा तसाच शाबूत होता, पण त्याला दाखवायला कापूस नव्हता. म्हणून ते मिळेल त्याची प्रत लावत. बसंतीबाईंचा चहा दुसऱ्या वेचणीचा निघायचा. ऑफिसच्या भिंती मागच्या हंगामातल्या. प्रेमसिंगचा नवा शर्ट त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिला होता, प्रेमसिंगसकट.

भैरवीला याचा त्रास नव्हता. ती संख्याशास्त्रात एम. एस्सी. होती, कमी बोलायची, आणि मोजता येत नाही त्याबद्दल मत देत नसे. तिचं काम सरळ होतं. चौदा गावांतल्या शेतांत, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावलेले. प्रेमसिंग राठोड मोटरसायकलवर फिरून त्यांतले बोंडअळीचे पतंग डब्यांत भरून आणायचा. बसंतीबाई ते भिंगाखाली मोजायच्या. भैरवी आकडे कॉम्प्युटरला सांगायची. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, आणि असं सलग तीन रात्री झालं, की त्या गावाला धोका. मग गावच्या शेतकऱ्यांच्या फोनवर संदेश पाठवायचा. मागच्या साली, सतरा साली, असा संदेश पाठवणारं कोणी नव्हतं, आणि बोंडअळीने जिल्ह्याचा कापूस कसा खाल्ला हे इथे कोणाला सांगावं लागत नसे.

सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी दोन गावं रेषेपार गेली होती. धामणखेडी आणि बोरजई. संदेश पाचच्या आत जायला हवा होता. पाचला संदेशसेवा बंद व्हायची आणि पुढे सुट्ट्या धरून थेट सोमवारी उघडायची. तोवर अंडी फुटून अळ्या बोंडात शिरल्या असत्या, आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत कोणताच फवारा पोहोचत नाही.

अडचण एवढीच होती की नीळकंठरावांच्या सहीशिवाय संदेश पाठवायचा नाही असा नियम होता. एरवी ते छापलेल्या कागदावर सही करत. पण प्रिंटर दुरुस्तीसाठी यवतमाळला गेलेला.

"कागद नाही, तर पडद्यावरच पाहतो," नीळकंठराव म्हणाले. "मले काय, माल दिसला पाह्यजे."

दीड वाजला होता. साडेतीन तास हातात होते. भैरवीला वाटलं, साडेतीन मिनिटं लागतील.

आधी टेबल हललं. पडदा दक्षिणेकडच्या भिंतीशी होता आणि नीळकंठराव दक्षिणेच्या उजेडात काही पास करत नसत. प्रेमसिंगने आणि भैरवीने कॉम्प्युटर, वायरी आणि पतंगांचे डबे उचलून उत्तरेच्या खिडकीशी नेले. नीळकंठरावांनी चष्मा पुसला, कमरेवर हात ठेवले आणि पडद्याकडे पाहिलं.

भैरवी ज्यात काम करायची त्याला शेल म्हणतात. एक ओळ लिहायची, एन्टर दाबायचं, खाली उत्तर. पुन्हा एक ओळ, पुन्हा उत्तर. भाजीवालीशी बोलावं तसं. डोळ्याला सोपं जावं म्हणून शेल आपणहून रंग देतो. प्रश्नाच्या आधीची खूण हिरवी, उत्तराच्या आधीची खूण लाल. त्या रंगांना याहून जास्त अर्थ नसतो. भैरवीला हे माहीत होतं. नीळकंठरावांना सांगायची वेळ कधी आली नव्हती.

तिने चौदा गावांचे चौदा प्रश्न विचारले. चौदा उत्तरं आली.

नीळकंठराव ओळी वरून खाली पाहत गेले. मग म्हणाले, "हे सगळंच लाल दिसून राह्यलं."

"साहेब, लाल म्हणजे फक्त उत्तर. गाव कोणतंही असो, उत्तराची खूण लालच येते."

"चौदाच्या चौदा?"

"हो."

"असं कधी होते काय? चौदा गाड्या आल्या आन् चौदाही एकाच रंगाच्या. तीस वर्षांत एकदाच पाह्यलं असं. तवा त्या माणसानं एकाच ढिगातला कापूस चौदा गाड्यांत वरून पसरवलता." त्यांनी चष्म्यावरून प्रेमसिंगकडे पाहिलं. "काय गा प्रेमसिंग?"

प्रेमसिंगच्या हातातला डबा थांबला. "साहेब, मी पाहाटी पाचपासून फिरून राह्यलो. बोरजईच्या नाल्यात गाडी ढकलत नेली. आन् तुमी म्हंता का एकाच सापळ्यातले पतंग मी चौदा डब्यांत वाटले?"

"मी कुठी म्हंतो? रंग म्हणून राह्यला."

"अन् मी काय झोपा काढल्या?" बसंतीबाई भिंगावरून डोळा न उचलता म्हणाल्या. "एकेका पतंगाचा पंख पाह्यला मी. हा रंग कोणता बाबा आला, माह्या भिंगापरीस हुशार?"

भैरवीने शांतपणे तोडगा काढला. रंग बदलता येतात. प्रत्येक रंगाला सहा अक्षरांचा एक संकेत असतो, तो बदलला की झालं. तिने उत्तराची खूण हिरवी केली आणि तेच चौदा प्रश्न परत विचारले.

नीळकंठराव वाकले. "कच्ची बोंडं," ते म्हणाले. "कोणी तोडली एवढ्या लवकर?"

तिने निळा लावला.

"निळा म्हंजे पोत्याचा प्लास्टिक धागा. एक धागा निघाला तरी अख्खी गाठ वापस येते. काढा."

पिवळा म्हणजे पावसात भिजलेला. तपकिरी म्हणजे पालापाचोळा. प्रेमसिंगने जांभळा सुचवला, कारण त्याच्या मोटरसायकलवर जांभळा पट्टा होता. नीळकंठरावांच्या मते तो बारदान्यावरची शाई लागलेला माल होता.

"गुलाबी लावा ना मॅडम," बसंतीबाई म्हणाल्या. "किती छान दिसते गुलाबी."

"गुलाबी!" नीळकंठराव सरळ उभे राहिले. "बोंडअळीच्या हापिसात गुलाबी! बसंतीबाई, अळीचा रंग कोणता?"

"गुलाबी."

"मंग?"

"मंग पतंग करडा असते साहेब. करडा लावा."

करडा दोन वर्षांचा जुना माल निघाला.

तीन वाजले होते. भैरवीने खालचा ओठ दाताखाली धरला. तिला एक साधी गोष्ट सुचली. रंगाला अर्थ नाही हीच तक्रार असेल, तर अर्थ द्यावा. आकडा आठ किंवा वर असेल तर उत्तर लाल, नाहीतर काळं. शास्त्राच्या दृष्टीने यात काही वावगं नव्हतं. दोन ओळींचं काम. तिने ते केलं आणि पडद्यावर बारा गावं निमूट काळी राहिली, धामणखेडी आणि बोरजई लाल झाली.

"आता बघा साहेब. जिथे धोका, तिथेच लाल."

नीळकंठरावांचा चेहरा अधिकच कठीण झाला. "हे तुमी केलं?"

"हो."

"माह्या डोळ्यादेखत?"

"हो साहेब. मीच केलं."

"भैरवीबाई, माल आपला रंग आपण दाखवते. त्याले रंगवाचा नसते. रंगवलेला माल म्या आजपर्यंत पास केला नाही. बाहीर गाड्यांची रांग लागली, लोकं अंगावर धावले, तरी नाही केला."

भैरवीने ती दोन ओळींची गोष्ट पुसली.

"मग साहेब, तुम्हीच सांगा. तुम्हाला कोणता रंग चालेल?"

हा प्रश्न तिने दीड वाजता विचारायला हवा होता, हे तिला तेव्हा उमगलं. नीळकंठरावांनी खुर्ची ओढली. बसले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

"पांढरा."

"अक्षरं पांढरी? आणि मागचा पडदा काळा?"

"काळा कायले? मांगं बी पांढरा."

"साहेब, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही."

"कोणतं पांढरं?" नीळकंठराव म्हणाले. "पांढरं एक हाये काय?"

आणि मग त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. सायीचं पांढरं. चुन्याचं पांढरं. तांदळाच्या पिठाचं, ते थोडं थंड. ज्वारीच्या पिठाचं, ते थोडं गरम. पहिल्या वेचणीचं सकाळचं आणि त्याच वेचणीचं दुपारचं. दह्याचं, पण आदल्या दिवशीच्या. नवीन धोतराचं. असे आठ झाले. नववं निखळ पांढरं, ज्याचं त्यांनी नुसतं नाव घेतलं आणि डोळे मिटले. ते त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं.

भैरवीला हे मोजता येण्यासारखं वाटलं, आणि म्हणून तिला, इच्छा नसताना, गोडी लागली. ती पडद्यावर एकेक पांढरा दाखवू लागली, नीळकंठराव दुरुस्त्या सांगू लागले.

"इतका नाही. थोडा पिवळ्याकडे."

तिने एक पायरी कमी केली.

"हं. थोडा वापस."

अर्धी पायरी नव्हती. तेही त्यांनी ओळखलं आणि नाराजीने मान्य केलं.

शेलमध्ये रंग द्यायच्या गोष्टींची यादी होती. प्रश्नाची खूण, उत्तराची खूण, आकडे, गावांची नावं, बाकीचा मजकूर, अशा एकामागून एक. भैरवी वरून खाली येत एकेकाला एकेक पांढरा देत गेली. पार्श्वभूमीला ज्वारीच्या पिठाचा. यादीत शेवटी उरले चुकांचे संदेश, आणि रंगांत शेवटी उरला निखळ पांढरा. तिने तो तिथे लावला आणि एन्टर दाबलं.

पडदा कोरा झाला.

"बंद पडला काय?" प्रेमसिंगने मागून डोकावत विचारलं.

"लाइट गेली वाटते," बसंतीबाई म्हणाल्या.

नीळकंठराव खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी समाधानाचा एक लांब श्वास सोडला. "आता कसं माणसांत आल्यासारखं वाटते."

भैरवीने पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. काहीच नव्हतं. प्रकाशाच्या दोनशे छप्पन्न पायऱ्यांपैकी अक्षर आणि पडद्यात पाच पायऱ्यांचा फरक होता, तोही काही ठिकाणीच. माणसाच्या डोळ्याला हे दिसू नये असं तिचं मत होतं. मत तपासता येत असेल तर तपासावं, हेही तिचं मत होतं.

तिने कोणाला न सांगता तीन आकडे टाइप केले. काय टाइप केलं ते तिला स्वतःलाही दिसलं नाही. बोटांना माहीत होतं.

"साहेब, हे काय आहे?"

"सतरा," नीळकंठराव म्हणाले. "चारशे एकतीस. दोन हजार तीन. हे कोणत्या गावचं होय?"

"कुठलंच नाही."

"पाठ करून राह्यले," प्रेमसिंग बसंतीबाईंच्या कानात म्हणाला.

"अरे, मॅडम काय लिहितीन हे त्याहिले काय माहीत?" बसंतीबाई मोठ्याने म्हणाल्या. "डोळा हाये माणसाचा. तुह्यासारखा नाही. तू डबा आणतं आन् झाकण शेतातच विसरतं."

भैरवीने आणखी तीन आकडे दिले, त्यातला एक उणे चिन्ह लावून. तिन्ही बरोबर आले, उण्यासकट. तिने हात मांडीवर ठेवले. मग वहीत तारीख घालून एक ओळ लिहून घेतली. घाईत असतानाही नोंद सोडू नये.

मग तिने चौदा गावांचे प्रश्न पुन्हा विचारले, आणि नीळकंठराव कोऱ्या पडद्यावरून वाचू लागले. एखाद्या लांबलचक वऱ्हाडी लग्नात आहेराची यादी वाचावी तसे, एका सुरात. तीन, दोन, चार. एक, शून्य, एक. पाच, सहा, पाच. बसंतीबाई आपल्या नोंदींशी ताडून प्रत्येक आकड्याला मान डोलवत होत्या. नववं गाव आलं.

"धामणखेडी. अकरा. तेरा. बारा." ते थांबले. पुढे गेले. "बोरजई. नऊ. दहा. चौदा." परत थांबले. मागे गेले. "धामणखेडी अकरा?"

"हो."

"आठची रेषा होय ना?"

"हो साहेब."

"सलग तीन रात्री?"

"हो."

नीळकंठराव ताडकन उठले. खुर्ची मागे पतंगांच्या डब्यांवर आपटली. "भैरवीबाई! दोन गावांत पतंग अंडे घालून राह्यले, आन् तुमी दुपारपासून रंग लावत बसल्या! पेन कुठी हाये?"

प्रेमसिंगने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. भैरवीने पेन दिलं. नोंदवहीवर सही पडली. चार वाजून अडतीस मिनिटं.

आता फक्त संदेश पाठवायचा होता. तो याच शेलमधून जायचा. भैरवीने रंग मूळ जागी आणायला हात पुढे केला आणि नीळकंठरावांनी कीबोर्डवर पंजा ठेवला.

"काय करून राह्यल्या?"

"रंग परत आणते. मला काही दिसत नाही."

"पास झालेल्या मालाले हात नाही लावाचा. रंग बदलला का सही रद्द. पुन्हा पाहा लागीन सगळं."

घड्याळाकडे पाहून भैरवीने वाद टाळला. तिने डोळे मिटले, उघडे ठेवून तरी काय उपयोग होता, आणि बोटांच्या भरवशावर ओळ लिहिली. दोन गावं, धोक्याचा संदेश, पाठव. एन्टर.

"गेलं का साहेब?"

नीळकंठराव पडद्यावर वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज पसरलं की भैरवीही क्षणभर पडद्याऐवजी त्यांच्याकडेच पाहत राहिली.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा! काय माल हाये! शेवटची ओळ पाहा. तीस वर्षांत दोनदा, आन् आज तिसऱ्यांदा. एक नंबर!"

"म्हणजे गेलं!" प्रेमसिंगने टाळी वाजवली. त्याचं शेत बोरजईतच होतं. त्याने खिशातून फोन काढला आणि वाट पाहिली. बसंतीबाईंनीही पाहिली. फोन गप्प होता.

निखळ पांढरा कोणाला दिला होता ते भैरवीला आठवलं.

"साहेब, ती चूक आहे."

"ही?" नीळकंठराव दुखावले. "ही चूक? इतकी शुभ्र?"

"चुकीची ओळच सगळ्यात शुभ्र येते. मीच तसं लावलंय. संदेश गेलेला नाही. कृपा करून अक्षरं वाचा."

पंधरा मिनिटं उरली होती. नीळकंठरावांना इंग्रजी वाक्य येत नव्हतं, पण गाठींवरचे छाप वाचून अक्षरं पाठ होती. ते एकेक अक्षर सांगू लागले, भैरवी वहीत लिहू लागली. मधेच ते अडायचे.

"आता काय झालं?"

"काही नाही. सुंदर 'आर' हाये."

अक्षरं जुळून आली तेव्हा कळलं की मिटल्या डोळ्यांनी लिहिताना तिने संदेश पाठवण्याच्या सूचनेतलं एक अक्षर गाळलं होतं. शेलने आपल्या परीने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की असं काही मला ठाऊक नाही. भैरवीने ओळ परत लिहिली. या वेळी नीळकंठराव तिच्यासोबत प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत होते आणि बसंतीबाई प्रत्येक अक्षराला एक बोट मोडत होत्या, का ते कोणी विचारलं नाही. एन्टर.

"आता काय दिसतंय?"

नीळकंठरावांनी नाक मुरडलं. "काही खास नाही. आदल्या दिवशीच्या दह्याचं. साधारण माल."

"काय लिहिलंय?"

"दोनशे सोळा. बस."

दोन गावांत मिळून दोनशे सोळा नावं नोंदलेली होती. भैरवीने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. त्याच वेळी प्रेमसिंगच्या हातातला फोन वाजला, आणि त्याने संदेश मोठ्याने वाचून दाखवला, जणू त्याला त्यातलं काही माहीतच नव्हतं: तुमच्या शेतात बोंडअळीचे पतंग वाढले आहेत, उद्या सकाळी झाडं तपासा, डोमकळ्या तोडून जाळा.

पाचला सहा मिनिटं असताना केंद्राचा फोन खणखणला. धामणखेडीच्या तुळसाबाई होत्या. त्यांचा आवाज इतका मोठा होता की भैरवीने फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"मॅडम, मॅसेज आला. डोमकळ्या म्हंजे कोणत्या वं? फुलं तं माह्या वावरात रगड हायेत."

"जे फूल उमलायचं सोडून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, ते. पाकळ्या पीळ दिल्यासारख्या दिसतात. आत अळी असते."

"रंग कसा असते त्याचा?"

भैरवीने उत्तर द्यायच्या आतच नीळकंठरावांनी हात पुढे केला होता. तिने फोन त्यांच्या हातात दिला.

"हे पाहा तुळसाबाई," ते खुर्ची खिडकीकडे वळवत म्हणाले, "साधं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असते. सायीचं पांढरं, पण वरची साय नाही, खालची. दुसऱ्या दिवशी ते गुलाबीकडे जाते. आता हे जे मिटलेलं असते ना, त्याच्या बाहीरच्या पाकळीवर एक जराशी..."

"साहेब," पलीकडून तुळसाबाई म्हणाल्या, आणि ते खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, "माह्या घरी लेकराईचा सैपाक राह्यला. किती झाडं पाहाची ते सांगा."

नीळकंठरावांनी फोनवर हात ठेवला. पडद्याकडे पाहिलं. तिथे ते लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, "भैरवीबाई, किती झाडं पाहाची असते?"

"एकरी वीस. वावरात तिरकं चालत जायचं, कुठलीही वीस."

"वीस," नीळकंठराव फोनमध्ये म्हणाले. "तिरकं चाला." थोडं थांबून, राहवलं नाही म्हणून, ते पुढे म्हणाले, "आन् सकाळी जा. दुपारच्या उन्हात रंग खोटा दिसते."

"जाईन सकाळी," तुळसाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.